तीन अंक, तीन डिस्क आणि सोप्यातला टीव्ही

गेल्या गणपतीत आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत तीन व्हीसीडी होत्या. कागदी पाकिटांवर स्केच पेननं लिहिलेलं: अंक पहिला, अंक दुसरा, अंक तिसरा. २००१ साली त्यांच्या मंडळानं बसवलेलं नाटक. "टीव्हीवर लावून दे गं एकदा," एवढंच म्हणाले. सांगलीतल्या माणसानं असं म्हटलं की ते टाळता येत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात मराठी नाटकाचा पहिला पडदा वर नेला, आणि आमच्या गावभागात आजही कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर दाढीमिशांची ट्रंक सापडते.

डिस्क वाजवायचं यंत्र २०१९च्या पुरात गेलं होतं. मी जुन्या कॉम्प्युटरवर डिस्कमधली फाइल काढून पेनड्राइव्हवर घेतली आणि टीव्हीला लावली. टीव्ही म्हणाला, फाइल उघडता येत नाही. मग दिराच्या लग्नाची फाइल लावून पाहिली. चित्र आलं, पण सनईचा आवाज नाही. टीव्ही नवा, मोठा, महाग. तरी घरातल्या दोन सगळ्यात मोलाच्या गोष्टी त्याला दाखवता येईनात.

त्या दिवसापासून घरचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायच्या मागे लागले. आज तो आमच्याकडच्या सगळ्या चित्रांचं, गाण्यांचं, रेकॉर्डिंगचं कोठार झाला आहे. हे कसं चालतं ते इथे सांगते. आधी माझं मत सांगून टाकते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत: सिनेमे आणि मालिका बघायला आजचा टीव्ही एकटा पुरतो. कॉम्प्युटर लागतो तो आपल्या घरच्या ऐवजासाठी, जो जगातल्या कुठल्याच अॅपवर नाही.

टीव्ही का अडतो

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय असं काहीतरी असतं. तो नुसता डबा. कप्प्यांचा जेवणाचा डबा असतो तसा: एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात असलीच तर खाली दिसणारी अक्षरं. डबा ओळखीचा असला म्हणजे आतलं सगळं पचेल असं नाही. दिराच्या लग्नात नेमकं हेच झालं. टीव्हीला डबा उघडता आला, चित्राचा कप्पा उघडला, आवाजाचा उघडला नाही.

आता चित्र आत कसं भरलेलं असतं ते बघू. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांवर. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर एका सेकंदाला सुमारे १५५ एमबी लागतात. तासाला ५६० जीबी! कुठलीच डिस्क याला पुरणार नाही. म्हणून चित्राची घडी घालावी लागते. नऊवारी लुगडं घडी घालून ट्रंकेत मावतं, तसं.

ही घडी हुशारीनं घातलेली असते. नाटकाचंच बघा. मागचा पडदा, दिवाणखान्याचा सेट, कोपऱ्यातली खुर्ची, यातलं काहीच हलत नाही. हलतो तो फक्त नटाचा हात. मग प्रत्येक चित्र पूर्ण कशाला साठवायचं? एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढच्या चित्रांत काय बदललं तेवढंच टिपायचं. या घडी घालण्याच्या आणि उलगडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात. व्हीसीडीची रीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, तिचं नाव एमपेग-१. एच.२६४ आली २००३ मध्ये आणि आजही सगळ्यात जास्त तीच भेटते. एच.२६५ आली २०१३ मध्ये. तेवढंच चांगलं चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. एव्ही-१ आली २०१८ मध्ये. घडी जितकी नवी आणि बारीक, तितकी ती उलगडायला मेहनत जास्त.

टीव्हीच्या आतल्या चिपमध्ये मोजक्याच घड्या उलगडायची कला कोरून ठेवलेली असते. बाहेरून नवी कला शिकवता येत नाही, आणि जुनी कंपनीनं घातली नसेल तर नसते. काही आवाजाच्या रीतींना परवान्याचे पैसे पडतात, त्यामुळे कंपन्या त्या गाळतात. कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याला प्रोग्राम दिला की तो कुठलीही घडी शिकतो. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर १९९६ साली पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाला. रस्त्यावरच्या नारिंगी शंकूचं चिन्ह असलेला तोच. आण्णांचा पहिला अंक त्यात एका क्लिकवर सुरू झाला. आण्णा खुर्चीतून पुढे सरकून बसले.

टीव्हीखाली की माडीवर?

कॉम्प्युटर टीव्हीशी जोडायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिली तऱ्हा सरळ. कॉम्प्युटर टीव्हीजवळ ठेवायचा, एचडीएमआयची वायर लावायची. चित्र उलगडण्याचं काम कॉम्प्युटरचं, टीव्ही नुसता पडदा. त्यावर व्हीएलसी चालतं, पण घरातल्या सगळ्यांसाठी कोडी नावाचा प्रोग्राम चांगला. हा मूळचा एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी २००२-०३च्या सुमारास हौशी मंडळींनी लिहिला. कोडी हे नाव २०१४ मध्ये मिळालं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत याद्या येतात, लांबून वाचता येतात. मायक्रोसॉफ्टनंही यासाठी मीडिया सेंटर काढलं होतं, पण २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा ते काढून टाकलं. म्हणून मोठ्या कंपनीच्या एका सोयीवर सगळं घर उभं करू नये असं मला वाटतं. फुकट आणि खुले प्रोग्राम हौशी लोक जिवंत ठेवतात.

दुसऱ्या तऱ्हेत कॉम्प्युटर घरात कुठेही असतो आणि टीव्ही त्याच्याकडून नेटवर्कवरून मागून घेतो. घरातल्या घरात स्वतःचं केंद्र. त्यासाठी कॉम्प्युटरवर जेलिफिन चालवायचं. २०१८च्या शेवटी सुरू झालेला हा प्रोग्रामही फुकट आणि खुला आहे. बऱ्याच टीव्हींवर त्याचं अॅप मिळतं. यातली खरी गंमत म्हणजे टीव्हीला एखादी घडी उलगडता येत नसेल, तर कॉम्प्युटर ती स्वतः उलगडतो आणि टीव्हीला येणाऱ्या रीतीनं पुन्हा घालून पाठवतो, बघता बघता. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. माडीवर घडी बदलते, खाली सोप्यात नाटक दिसतं.

एका खोलीचा फ्लॅट असेल, टीव्ही एकच असेल, तर पहिली तऱ्हाच घ्या. उगाच व्याप वाढवू नका. आमच्याकडे सुरुवातीला तेच होतं. पण मुलांना वर टॅबवर बघायचं होतं, सासूबाईंना स्वयंपाकघरात फोनवर भजनं हवी होती. शिवाय एक कारण असं की ते कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सोप्यात पाणी येतं. कोठार माडीवरच हवं.

कोणता कॉम्प्युटर चालेल

नवा घेऊ नका. ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप दुरुस्त करून विकणारी दुकानं सांगली-मिरजेत आहेत, तसले पुरेसे. दुकानात फक्त एक विचारा: इंटेलची कितवी पिढी? सातव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये एच.२६५ची बारीक घडीसुद्धा उलगडायचं वेगळं यंत्र आतच बसवलेलं आहे. त्यामुळे प्रोसेसरचा मुख्य भाग जवळजवळ मोकळा राहतो आणि पंखा ओरडत नाही. त्याआधीचा असेल तर जुनी नाटकं, लग्नं, एच.२६४चं सगळं छान दिसेल, पण नव्या फोनच्या फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, व्हिडिओला धाप लागेल.

एक अडचण मात्र ध्यानात घ्या. विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. म्हणून सातव्या पिढीच्या यंत्रांना लिनक्स घालावं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट आणि खुली सिस्टिम. आमच्या यंत्रावर तिच्यातलाच लिनक्स मिंट हा प्रकार आहे. मेमरी ८ जीबी, सिस्टिमसाठी लहान एसएसडी आणि साठवणीला मोठी हार्ड डिस्क. नुसती कोडीच चालवायची असेल तर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा बोर्डही भागवतो. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे टीव्हीचा रिमोट एचडीएमआयच्याच वायरीतून त्याला आज्ञा देऊ शकतो. साध्या कॉम्प्युटरच्या एचडीएमआयला ही सोय बहुधा नसते.

एच.२६४ची, सेकंदाला ८ मेगाबिटची एचडी फाइल तासाला ३.६ जीबी होते. बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक आहे, म्हणून ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, आणि तासाचे सेकंद ३६००. या हिशेबानं एका टीबीत पावणेतीनशे तास मावतात. आण्णांचं अख्खं नाटक दोन-सव्वादोन जीबीत बसलं. जागेची काळजी लोक करतात तेवढी करायची गरज नसते.

हाच आठाचा हिशेब वायफायलाही लावा. फोर-के चित्रपट सेकंदाला २५ मेगाबिट मागतो, घरचं लग्न ८ ते १०. राउटरच्या खोक्यावर शेकडो मेगाबिट लिहिलेले असतात, तरी चित्र अडकतं, कारण मधे भिंती आहेत. आमच्या जुन्या घराची भिंत हातभर जाड. वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गीगाहर्ट्झची वेगवान, पण ती भिंतीला लवकर हरते, २.४ची भिंत पार करते, पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. मी महिनाभर राउटर इकडून तिकडे हलवत बसले. शेवटी जिन्याच्या कडेनं कॅट-६ची वायर खाली आणली. नेटवर्कची ही वायर १०० मीटरपर्यंत चालते आणि तिला भिंत आडवी येत नाही. त्या दिवसानंतर चित्र एकदाही थांबलेलं नाही. जिथे वायर नेता येते तिथे वायरच न्या.

चित्र बिघडतं ते इथे

आता मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटणाऱ्या भागाकडे येते. वायर लावली, चित्र आलं, म्हणजे काम झालं असं समजून बरेच जण थांबतात. मग जुनं चित्र खराब आहे म्हणून डिस्कला दोष देतात. पुष्कळदा दोष जोडणीत असतो.

पहिली गोष्ट, रुंदी. २००१चं चित्र चारास तीन मापाचं, आजचा पडदा सोळास नऊचा. टीव्ही ते ताणून बसवतो आणि सगळी पात्रं बुटकी, जाडी दिसतात. आण्णांनी सुरुवातीला स्वतःला ओळखलंच नाही, "मी एवढा कधी होतो?" म्हणाले. मापात 'मूळ' किंवा 'फोर-थ्री' निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या. माणसं माणसांसारखी दिसतात.

उलटंही होतं: कॉम्प्युटरचं चित्र चारी बाजूंनी थोडं कापलं जातं, खालची पट्टी दिसतच नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत कडा झाकल्या जायच्या म्हणून चित्र जरा मोठं दाखवायची पद्धत होती, ती आजच्या टीव्हीतही उरली आहे. रिमोटवर चित्राच्या मापात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते लावा.

दुसरी गोष्ट, काळा रंग. नाटकात मागे काळा पडदा आणि समोर प्रकाशझोत. आमच्याकडे तो पडदा राखेसारखा दिसत होता. त्याचं कारण असं की कॉम्प्युटर काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला २५५ म्हणतो. व्हिडिओच्या जगात मात्र काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. एकानं एका मापानं सांगितलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या मापानं ऐकलं, की काळा तरी राखी होतो किंवा अंधारातला चेहरा पार बुडतो. टीव्हीत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' नावाची सेटिंग असते आणि कॉम्प्युटरच्या डिस्प्लेत 'फुल' की 'लिमिटेड' असं विचारलेलं असतं. दोन्हीकडे एकच माप ठेवायचं. ते जुळवलं आणि दुसऱ्या अंकातल्या रात्रीच्या प्रवेशात कंदील खरोखर कंदिलासारखा दिसायला लागला.

तिसरी गोष्ट हिसके. आपल्याकडचं जुनं चित्रण सेकंदाला २५ चित्रांचं. कॉम्प्युटर मात्र टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र देतो. साठाला पंचवीसनं भाग जात नाही. मग काही चित्रं दोनदा दाखवली जातात, काही तीनदा, आणि कॅमेरा वरातीवरून हळूहळू फिरतो तेव्हा वरात अडखळत चालल्यासारखी दिसते. टीव्हीला ५० वर आणा, प्रत्येक चित्र बरोबर दोनदा येतं आणि हिसके नाहीसे होतात. कोडीत 'डिस्प्लेचा रिफ्रेश रेट जुळवा' अशी सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक फाइलप्रमाणे आपोआप बदलतो. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांनी आज करून बघावं, मी आग्रहानं सांगते.

डीव्हीडी आणि जुन्या कॅसेटवाल्या कॅमेऱ्यांच्या चित्रात चौथी एक भानगड असते. त्यात प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं असतं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. काचेच्या टीव्हीला ते तसंच हवं असायचं. सपाट टीव्हीवर दोन्ही हप्ते एकदम दिसतात आणि हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते उमटतात. व्हीएलसी आणि कोडी दोन्हींत 'डी-इंटरलेस' आहे, ते लावलं की दाते जातात. व्हीसीडीला हे लागत नाही.

आणि एवढं करूनही व्हीसीडी धूसर दिसणार, हे मान्य करायचं. तिच्यात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके, म्हणजे एक लाखाच्या जरा वर. फुल एचडी पडद्यावरही एका ठिपक्याला पंधरा-वीस ठिपक्यांची जागा भरावी लागते. नसलेला तपशील कुठलीही सेटिंग आणू शकत नाही. खुर्ची दोन हात मागे घेतली की बरं दिसतं. नटांचा आवाज मात्र अगदी नीट येतो, आणि नाटकाला तोच जास्त हवा.

आवाज ओठांच्या मागेपुढे होत असेल तर व्हीएलसीत कीबोर्डवरचं 'जे' किंवा 'के' दाबत राहा, दर दाबाला सेकंदाचा विसावा भाग सरकतो. साउंडबार असेल तर एचडीएमआयच्या ज्या भोकावर एआरसी लिहिलंय तिथेच लावा.

नावं, रिमोट आणि बाकीचं

कोडी असो की जेलिफिन, त्यांना फाइल दिली की ते तिचं नाव बघून इंटरनेटवरून पोस्टर आणि माहिती आणतात. घरच्या रेकॉर्डिंगला हे चुकूनही करू देऊ नका. दिराच्या लग्नाला भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटलं होतं. जेलिफिनमध्ये फोल्डर जोडताना प्रकार म्हणून 'घरचे व्हिडिओ आणि फोटो' हा निवडायचा. नावाच्या सुरुवातीला साल आणि महिना ठेवला की यादी आपोआप काळानुसार लागते. नावं खुशाल मराठीत लिहा. कोडीत ती चौकोन चौकोन दिसली तर रूपरंगाच्या सेटिंगमध्ये फॉन्ट बदलून 'एरिअल'वर आधारलेला घ्या.

आण्णांसाठी कीबोर्ड आणि माउस हा उपाय नव्हता. त्यांच्या टीव्हीवर आता जेलिफिनचं अॅप पहिल्या जागी आहे, आणि आत 'आण्णा' नावाचं वेगळं खातं. त्यात त्यांचं तेवढंच दिसतं: नाटकं, मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेला त्यांनी टेपवर धरलेली गाणी, नातवंडांची बारशी. वर, खाली, ओके, मागे. चार बटणांत सगळं होतं. हे करायला मला तास लागला आणि सगळ्या खटपटीत तो सर्वांत उपयोगी तास ठरला.

पैसे भरून बघायची अॅप्स कॉम्प्युटरवर आणू नका. त्यांच्या चित्राला कुलूप असतं आणि कुलपाची किल्ली कंपन्या टीव्हीच्या चिपला विश्वासानं देतात, कॉम्प्युटरच्या ब्राउझरला हात राखून. त्यामुळे त्याच वर्गणीत कॉम्प्युटरवर चित्राचा दर्जा बहुधा कमी मिळतो. ती टीव्हीवरच बघा. फुकट सिनेमे दाखवण्याचं आमिष दाखवणारे कोडीचे जोडप्रोग्राम फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ती चोरी आहे, आणि त्यातून घरच्या कॉम्प्युटरमध्ये काय शिरेल ते सांगता येत नाही.

विजेचा हिशेब करून बघा. जुना मोठा डेस्कटॉप ८० वॉट घेत असेल आणि चोवीस तास चालू राहिला, तर महिन्याला ५७-५८ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, म्हणजे हा भार वरच्या दरानं पडू शकतो. छोटा डेस्कटॉप रिकामा असताना १० वॉटच्या आसपास खातो, त्याचे महिन्याला सात-साडेसात युनिट. म्हणून मी छोटा घ्या म्हणते. शिवाय त्याला लहानसा यूपीएस लावा. लिहिता लिहिता वीज गेली की हार्ड डिस्कवरच्या नोंदी बिघडतात. जुना लॅपटॉप वापरला तर त्याची बॅटरीच यूपीएसचं काम करते, फक्त ती फुगलेली दिसली तर ताबडतोब काढून टाका.

पुराच्या गावात प्रती

२००५, २०१९, २०२१. आमच्याकडे ही सालं पाढ्यासारखी पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळचं पाणी चढत गेलं तेव्हा आम्ही कागदपत्रं, दागिने, धान्य वर नेलं. लोखंडी कपाटाच्या खालच्या फळीवरची कॅसेटची पेटी राहिली. पाणी ओसरल्यावर त्या कॅसेटींतून गाळ निघाला. आण्णांच्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. त्या आता कुठेच नाहीत.

म्हणून सगळ्या घरांना हात जोडून सांगते, कोठार केलं की त्याच आठवड्यात प्रती करा. जाणकार लोक तीन, दोन, एक असा नेम सांगतात: प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क जोडीनं चालवल्या तरी त्या प्रती धरू नका. चुकून पुसलं तर दोन्हींतून पुसलं जातं, आणि पाणी आलं तर दोन्हीवर येतं. आमची एक प्रत माडीवर कॉम्प्युटरमध्ये, दुसरी फक्त महत्त्वाच्या फोल्डरांची इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि तिसरी हार्ड डिस्क विट्याला नणंदेकडे. विटा उंचावर आहे, कृष्णेपासून लांब. दिवाळीत ती येताना डिस्क आणते, मी नवं भरते आणि भाऊबीज झाली की ती घेऊन जाते.

कॅसेटी ज्यांच्याकडे शिल्लक आहेत त्यांनी सुरुवात तिथूनच करावी, कारण त्या वाजवणारी यंत्रं झपाट्यानं संपत चालली आहेत. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावायची आणि ऑडॅसिटी या फुकट प्रोग्राममध्ये धरायचं. साठ मिनिटांची कॅसेट धरायला साठ मिनिटंच लागतात, त्याला जवळची वाट नाही. न दाबता धरलेला आवाज तासाला सव्वासहाशे-साडेसहाशे एमबी होतो. फ्लॅक या रीतीनं ठेवला तर जागा निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजातलं काहीच गमावलं जात नाही.

व्हीसीडीतली फाइल एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये असते, नावाच्या शेवटी डीएटी. डिस्क नाजूक का, तेही सांगते. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करायची जादा तजवीज. व्हीसीडीनं जास्त चित्र बसावं म्हणून ती तजवीज सोडून दिली आणि सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरले. म्हणून एवढासा ओरखडाही तिला भारी पडतो. मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको. तरी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं.

आमचा तिसरा अंक तेविसाव्या मिनिटाला अडतो. तीन ड्राइव्ह करून झाले, तिथेच अडतो, आणि नेमका आण्णांचा शेवटचा मोठा प्रवेश त्याच्या पुढे आहे. मग लक्षात आलं की त्या वेळी सगळ्या नटांनी एकेक संच घेतला होता. दोन डिस्कांवर ओरखडा सहसा एकाच जागी पडत नाही. एकीतून पहिली बावीस मिनिटं आणि दुसरीतून पुढची घेऊन, पुन्हा घडी न घालता नुसती जोडून देणारे प्रोग्राम आहेत, त्यानं दर्जा जरासुद्धा घटत नाही. आण्णांनी जुनी वही काढून फोन लावले. नायिकेचं काम केलेल्या बाई आता कवठेमहांकाळला असतात. त्यांच्याकडचा संच अजून पाकिटात आहे म्हणाल्या, येत्या रविवारी त्यांचा मुलगा घेऊन येतोय.